जुन्या ट्रकचा वरवरचा गंज: चमकणारा पत्रा अजून स्वच्छ झालेला नसतो

जुना ट्रक पुन्हा उभा करायचं ठरलं की हात सगळ्यात आधी ग्राइंडरकडे जातो. वायर ब्रश लावला, तासभर फिरवला, तांबडा पत्रा चांदीसारखा लखलखायला लागला की काम झालं असं वाटतं. प्रायमर बसतो, रंग बसतो, गाडी देखणी दिसते. मग काही महिन्यांत दरवाजाच्या खालच्या कडेला रंगाखाली मोहरीएवढे फोड येतात. नखाने फोडले की आत तोच तांबडा भुगा.

याचं कारण वायर ब्रशच्या कामाच्या पद्धतीतच आहे. तारा गंज कापत नाहीत. वरचा सुटा गंज त्या झाडून टाकतात आणि खड्ड्यात घट्ट बसलेला गंज घासून गुळगुळीत करतात. हा घासलेला गंज काळपट चमकतो आणि लांबून अगदी पत्र्यासारखाच दिसतो. गंज हा सच्छिद्र असतो, हवेतली ओल शोषून धरतो, आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे रंगाखाली राहिलेला एवढासा कणसुद्धा वाढता वाढता वरचा थर उचलतो.

हे ओळखायला टॉर्च पुरते. घासलेल्या पत्र्याला टॉर्च जवळजवळ टेकवा आणि उजेड आडवा सोडा. स्वच्छ लोखंड करडं-पांढरं, सगळीकडे सारखं दिसतं. गंज उरला असेल तर त्या करड्या पृष्ठभागावर खसखशीसारखे काळे-तपकिरी ठिपके दिसतात. एखाद्या ठिपक्यात सुईचं टोक टोचून फिरवा. टोकाला तपकिरी पूड लागली तर तो गंजच. हे ठिपके जाईपर्यंत प्रायमरचा डबा उघडू नये.

आधी गंज किती खोल आहे ते ठरवा

वरवरचा गंज म्हणजे ज्याखाली पत्र्याची जाडी शाबूत आहे तो. केबिनचा पत्रा साधारण १ मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे तिथे फार खेळायला जागा नाही. हातोडीच्या मुठीने हलकं ठोकत जा. धड पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोर लावून दाबा. पत्रा आत गेला किंवा पापुद्रे सुटले तर ते काम घासण्याचं नाही. तिथला पत्रा कापून नवा जोडावा लागतो. लोहचुंबक फिरवूनही पाहा. जिथे तो धरत नाही किंवा ढिला धरतो तिथे जाड पुट्टी आहे, आणि जुन्या पुट्टीखालचा गंज बहुतेक वेळा बाहेरच्या गंजापेक्षा जास्त असतो. अशी पुट्टी पूर्ण काढा. बाजूचा गंज घासून पुट्टी तशीच ठेवली तर पुढचं सगळं काम पुट्टीच्याच भरवशावर राहतं.

ट्रकच्या ठरलेल्या जागा आधी तपासा: दरवाजांच्या खालच्या कडा, पायरीमागचा कोपरा, वायपरखालची पन्हळ, छताची पाणपट्टी, काचेच्या रबराखालची खाच, केबिन जिथे चासीवर बसते तिथले कोपरे, हौद्याच्या आडव्या पट्ट्यांची वरची बाजू आणि फाळक्याच्या बिजागऱ्या. या सगळ्या पाणी आणि माती साठण्याच्या जागा आहेत. काचेचं रबर न काढता तिथलं काम होत नाही. गंज रबराच्या काठाशी दिसतो तेव्हा रबराखाली तो आणखी पसरलेला असतो.

ग्राइंडर हातात घेण्याआधी चासी नंबर कुठे ठोकलेला आहे ते शोधा आणि त्यावर टेप लावा. तिथे फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची ग्राइंडरची चकती, कधीच नाही. हाताने, मऊ ब्रशने आणि ॲसिडने साफ करा. घासून पुसट झालेला नंबर परत आणता येत नाही आणि पुढे कागदपत्रांत त्याचा मोठा त्रास होतो.

धूळ, ठिणग्या आणि डिझेलची टाकी

बॅटरीच्या तारा सोडा. इंधनाची टाकी काढून दूर ठेवणं सगळ्यात चांगलं, कारण रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची ठरते. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते डाग नंतर पॉलिशनेही निघत नाहीत, म्हणून काचा काढा किंवा जाड ओल्या कापडाने झाका. ब्रेकचे पाइप आणि रबरी होज झाकून ठेवा. वायर ब्रश त्यांच्याजवळ नेऊ नका.

जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. रंगाचे थर सुके घासून धूळ उडवण्यापेक्षा रंग काढण्याचं रसायन लावून खरवडणीने काढा किंवा पाणी मारत घासा. तोंडावर साधा कापडी मास्क चालत नाही, बारीक कण अडवणारं फिल्टर असलेला श्वसनमास्क लागतो. कप ब्रशच्या तारा तुटून सुईसारख्या उडतात आणि जाड शर्टातूनही घुसतात. त्यामुळे बंद गॉगल आणि त्यावर चेहऱ्याची पूर्ण ढाल, दोन्ही हवं. ढिले कपडे नकोत. सुती हातमोज्याचा धागा ब्रशमध्ये अडकला तर हात ओढला जातो, म्हणून अंगासरशी बसणारे चामडी मोजे घाला.

घासण्याआधी धुणं

ही पायरी सर्रास गाळली जाते आणि अर्धी कामं इथेच बिघडतात. ट्रकच्या पत्र्यावर वंगण, डिझेल, पॉलिशमधलं मेण आणि सिलिकॉन वर्षानुवर्षं चढलेलं असतं. तसंच घासलं तर ते ओरखड्यांत दाबलं जातं आणि नंतर वरून पुसून निघत नाही. प्रायमर मारताना मग जागोजागी माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रं पडतात.

आधी डिटर्जंट आणि गरम पाणी, कडक ब्रशने. चासीवरची ग्रीस-मातीची चिकट ढेपळं खरवडणीने काढा, मग डिग्रीजर. पत्रा सुकला की ग्रीस काढणारं सॉल्व्हंट दोन कापडांनी लावा: एका ओल्या कापडाने पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपायचं. एकच कापड फिरवलं तर वंगण फक्त एका जागेवरून दुसरीकडे जातं. कापडं सतत बदला. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर इथे वापरू नका. जवळपास वेल्डिंग किंवा तापलेली धातू असेल तर त्यातून विषारी वायू बनतो.

पत्रा खरंच स्वच्छ झाला का, हे पाण्याने कळतं. साधं पाणी शिंपडा. ते सलग चादरीसारखं पसरलं तर ठीक, थेंब थेंब होऊन गोळा झालं तर अजून वंगण आहे.

कुठे काय फिरवायचं

क्रम ठरवताना घाणेरडं काम आधी घ्या. आधी चासी, मग हौदा, शेवटी केबिन. नाहीतर चासीची धूळ नुकत्याच साफ केलेल्या बोनेटवर बसते.

चासीचा पत्रा जाड, तिथे जोर चालतो. थराथराने सुटणारा गंज हातोडी-छिन्नीने किंवा कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या, सुयांनी ठोकणाऱ्या नीडल स्केलरने पाडा. नीडल स्केलर रिव्हेटच्या डोक्याभोवती आणि कोपऱ्यांत फार छान काम करतो. मग ग्राइंडरवर पिळाच्या तारांचा कप ब्रश. ब्रशवर छापलेली कमाल गती ग्राइंडरच्या गतीपेक्षा जास्तच हवी. छोटे ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतात आणि ड्रिलसाठी केलेले ब्रश त्याच्या निम्मी गतीही सोसत नाहीत, तारा सुटून येतात. कमानीच्या पाट्यांना फक्त ब्रश. त्यांना ॲसिड लावू नये, कारण कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं. डोक्यावर १०.९ किंवा त्याहून मोठा ग्रेड छापलेल्या कडक बोल्टांनाही हाच नियम.

केबिनच्या पातळ पत्र्यावर मात्र पहिली निवड जाळीदार नायलॉनची स्ट्रिप डिस्क. ती रंग आणि गंज काढते, धातू फारसा खात नाही आणि कमी तापते. गती कमी-जास्त करता येणारा ग्राइंडर असेल तर ती मध्यमवर ठेवा. फ्लॅप डिस्क लागलीच तर ८० नंबरची (नंबर लहान तेवढी ती खरखरीत), आडवी धरून, एका जागी न थांबता. ३६ किंवा ४० नंबरचे ओरखडे एवढे खोल जातात की रंग सुकून आकसला की ते वर दिसतात. मध्येच हाताची पाठ पत्र्याला लावून बघा. हात ठेववत नसेल तर दुसऱ्या पॅनेलवर जा. सपाट मोठा पत्रा, म्हणजे छत, बोनेट, दरवाजाचा मधला भाग, एकदा तापून ताणला गेला की दाबल्यावर डब्याच्या झाकणासारखा टॉक टॉक आत-बाहेर होतो. तो परत बसवणं हे वेगळं आणि महागडं काम आहे.

सँडब्लास्टिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे: चासी, रिम, कंस (ब्रॅकेट), बिजागऱ्या यांना त्यासारखं दुसरं काही नाही, कारण ते खड्ड्याच्या तळापर्यंत जातं. पण सपाट पत्र्यावर जाड रेती आणि जास्त दाब मारू देऊ नका. तिथे पत्रा वाकतो तो उष्णतेपेक्षा माऱ्याने. एका बाजूचा पृष्ठभाग ठोकला जाऊन पसरतो आणि पत्रा फुगतो. आणि रेतीचे कण सांध्यांत महिनोन्‌महिने राहतात, रंगाच्या दिवशी गनच्या हवेने बाहेर येतात. सिलिकायुक्त वाळू तर कुठल्याच कामाला वापरू नये, तिची धूळ फुफ्फुसं कायमची निकामी करते.

यंत्र जिथे पोचत नाही तिथे हाताने, १२० नंबरचा पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. उघड्या पत्र्याचा शेवटचा हात ८० ते १८० नंबरच्या मध्ये ठेवा. आरशासारखं करू नका, नंतरच्या इपॉक्सी प्रायमरला धरायला ओरखडे लागतात.

खड्ड्यातल्या गंजासाठी फॉस्फोरिक ॲसिड

टॉर्चखाली दिसणारे ते काळे ठिपके पेपरने काढायला गेलं तर पत्रा पातळ होतो. तिथे रसायन लागतं. फॉस्फोरिक ॲसिड गंज विरघळवतं आणि उरलेल्याचं लोहफॉस्फेट करतं. तयार मिळणारं द्रावण असेल तर डब्यावरच्या सूचना पाळा. ८५ टक्क्यांचं ॲसिड असेल तर १ लिटर ॲसिडला ९ लिटर पाणी या प्रमाणात साधारण १३ टक्क्यांचं द्रावण होतं आणि पत्र्यासाठी ते पुरेसं आहे. नेहमी पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी नाही. प्लास्टिकची बादली, रबरी मोजे, गॉगल.

ब्रशने किंवा हिरव्या घासणीने लावा आणि १० ते १५ मिनिटं ओलं ठेवा. चुकतं ते इथेच. ॲसिड सुकू द्यायचं नाही. सुकलं तर पांढरट चिकट थर राहतो आणि त्यावर इपॉक्सी नीट कडक होत नाही, पुढे चादरीसारखी निघते. सुकलंच तर पाणी मारून उपयोग होत नाही. पुन्हा ताजं ॲसिड लावून तो थर ओला करा, घासा, आणि ओला असतानाच भरपूर पाण्याने धुवा. ओल्या पत्र्यावर पीएच पट्टी, म्हणजे आम्लता दाखवणारा कागद, लावून पाहा. धुण्याच्या पाण्याइतकाच आकडा आला की पुरे. सोड्याच्या पाण्याने धुतलं तर तो सोडाही पुन्हा साध्या पाण्याने काढावा लागतो, तोसुद्धा क्षारच आहे.

धुतल्यावर लगेच कॉम्प्रेसरच्या हवेने सांधे फुंका आणि हीट गनने पत्रा कोमट करा. दमट हवेत धुतलेला पत्रा डोळ्यांदेखत पिवळसर होतो. तो पिवळा मुलामा १८० नंबरचा पेपर हलक्या हाताने मारून निघतो, घाबरायचं कारण नाही. मात्र रात्रीतून ठरावीक खड्डेच ओलसर, काळे झाले तर त्यांत मीठ आहे. क्षार हवेतलं पाणी ओढतात. अशा जागा गरम पाण्याने घासून धुवा आणि ॲसिड पुन्हा द्या, दोनदा लागलं तरी चालेल.

हायड्रोक्लोरिक ॲसिड जलद काम करतं म्हणून वापरलं जातं. ट्रकच्या पत्र्यावर ते नको. त्याचे क्लोराइड दुमडीच्या सांध्यांत राहतात आणि आतून गंज सुरू करतात. त्याच्या वाफेने शेडमधले पाने-पकडीसुद्धा गंजतात. कुठलंही ॲसिड दुहेरी पत्र्याच्या फटीत जाऊ देऊ नये. दरवाजाची दुमडलेली कड, छताची पाणपट्टी इथे ते आत गेलं की धुऊन बाहेर येत नाही. तिथे यंत्राने जमेल तेवढं काढा आणि उरलेल्यावर टॅनिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावा. ते गंजाचं काळं, स्थिर संयुग बनवतं. घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावरच त्याचा उपयोग होतो. सुट्या पापुद्र्यांवर लावलं तर वरचा थर काळा होतो आणि खालचा गंज तसाच राहतो. लखलखीत लोखंडावर लावून काहीच मिळत नाही.

सुटे भाग

बिजागऱ्या, कंस, हुक, पायरीचे सांगाडे हे बुडवून ठेवणं सोपं. सायट्रिक ॲसिड लिटरला ५० ते १०० ग्रॅम, पाणी कोमट, काही तास. अधूनमधून काढून घासा. गंज निघाल्यावरही आत ठेवलं तर ॲसिड लोखंड खायला लागतं. उसाची मळी (मोलॅसिस) एका भागाला नऊ भाग पाणी, एक ते दोन आठवडे: वास येतो, पण चांगल्या लोखंडाला हात न लावता गंज काढते. ॲल्युमिनिअम आणि जस्ताचे भाग दोन्हीत टाकू नका.

गंज विजेने काढायचा तर पाण्यात लिटरला ५ ग्रॅम धुण्याचा सोडा, प्लास्टिकचं पिंप, १२ व्होल्टचा चार्जर. ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक साध्या लोखंडी पट्टीला. उलटं लागलं तर भागच झिजतो. स्टेनलेसची पट्टी नको, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर ठेवा आणि तार सोडण्याआधी चार्जर बंद करा. बॅटरी ओळखल्याशिवाय सुरू न होणारे नवे चार्जर इथे चालत नाहीत. पट्टीच्या समोरची बाजू आधी साफ होते, त्यामुळे भाग फिरवत राहा किंवा चारी बाजूंना पट्ट्या ठेवा.

उघडा पत्रा आणि घड्याळ

एका दिवसात जेवढं घासून, धुऊन, सुकवून प्रायमरखाली नेता येईल तेवढंच उघडं करा. एक दरवाजा तर एक दरवाजा. अख्खी केबिन उघडी करून आठवडाभर ठेवणं म्हणजे काम पहिल्यापासून करणं. साफ पत्र्याला उघडा हात लावू नका. घामातलं मीठ राहतं आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी पाचही बोटं तपकिरी उमटतात, रेषांसकट.

पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतली ओल ज्या तापमानाला दव होऊन बसते त्यापेक्षा, किमान ३ अंश जास्त हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २४ अंशांवर येतो, म्हणजे पत्रा निदान २७ अंश हवा. रात्रभर गारठलेली चासी सकाळी त्याहून थंड असते आणि तिच्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल धरते. तिला दुपारपर्यंत थांबू द्या.

प्रायमर दोन डब्यांचा इपॉक्सीच घ्या. एका डब्यातलं साधं रेड ऑक्साइड स्वस्त आहे, पण पाण्याची वाफ आरपार जाऊ देतं, आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या कामात गाडी प्रायमरवरच उभी असते. हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच, अंदाजाने नाही. मिसळल्यावर सूचना असेल तेवढा वेळ, बहुधा १५ ते ३० मिनिटं, तसंच ठेवा. दोन हात, मध्ये वीसेक मिनिटं, सुकल्यावर एकूण ५० ते ७५ मायक्रॉन. कडा, वेल्डचे टाके आणि बोल्टांची छिद्रं यांना गनच्या आधी ब्रशने एक हात द्या, कारण धारेवरून रंग ओसरतो आणि थर तिथेच सगळ्यात पातळ बसतो. पुट्टी इपॉक्सीच्या वर भरा. पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते, आणि तिच्याखाली उघडा पत्रा असेल तर ते थेट लोखंडापर्यंत जातं. इपॉक्सीवर पुढचा थर देण्याची मुदत डब्यावर असते. ती उलटली तर आधी ३२० नंबरने ओरखडून घ्या. ऊन तिला भुकटीसारखी करतं, म्हणून प्रायमरवरची गाडी सावलीत ठेवा.

दरवाजे, केबिनच्या पायरीचे पोकळ भाग आणि चासीच्या बंद पेट्या आतून राहिलेल्या असतात. तिथे रंगाचं सगळं काम संपल्यावर लांब नळीने पोकळीतलं मेण फवारा. आधी फवारलं तर मेणाचे शिंतोडे पत्र्यावर येऊन रंग फाटतो. फवारण्याआधी प्रत्येक दरवाजाच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रं तारेने मोकळी करा, आणि फवारून झाल्यावर, मेण ओलं असतानाच, पुन्हा एकदा तार फिरवा.